गाईडचे पैसे वाचवायला सांगू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीतला दक्षिण स्पेनवरचा लेख वाचला. रेल्वेची माहिती उपयोगी होती, फोटोही देखणे होते. पण 'अंदालुसियात स्थानिक गाईडवर खर्च करायची गरज नाही, सगळं मोबाइलवर मिळतं' हा लेखाच्या शेवटचा सल्ला वाचून राहवेना, म्हणून हे पत्र.

मी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेली अभियंता. थोरल्या बहिणीबरोबर मी ग्रानादा, कोर्दोबा आणि सेव्हिल ही शहरं पाहिली. ताईचे गुडघे कुरकुरतात आणि तिला प्रश्न फार पडतात, त्यामुळे बसमधून उतरलेल्या घोळक्यामागे झेंड्याकडे बघत धावणं आम्हाला जमणारच नव्हतं. प्रत्येक शहरात आम्ही त्याच शहरात राहणारा परवानाधारक गाईड घेतला. त्यांनी जे दाखवलं ते फोनने दाखवलं असतं का, हे आपल्या वाचकांनीच ठरवावं.

ग्रानादातल्या अलहंब्रा या किल्लेवजा राजवाड्यांच्या परिसराबद्दल लेखात एवढंच आहे की कारंजी अप्रतिम आहेत आणि फोटोंसाठी भरपूर वेळ ठेवावा. अहो, अलहंब्रा टेकडीवर आहे. टेकडीवर राजवाडे, हमामखाने, बागा आणि त्यांच्या भोवती राबणाऱ्या माणसांची वस्ती उभी करायची, तर पहिला प्रश्न पाण्याचा येतो. ग्रानादावर राज्य करणाऱ्या मुसलमान नास्रिद घराण्याचा संस्थापक महंमद पहिला याने १२३८ मध्ये तिथे बांधकाम सुरू केलं, तेव्हा त्याने दारो नदीचं पाणी साधारण सहा किलोमीटर वरच्या अंगाला वळवून डोंगराच्या कडेकडेने पाट आणला. त्याचं नाव आसेकिया रेआल, म्हणजे शाही पाट. पंप नाही, काही नाही, सगळा खेळ उताराचा. उतार जास्त दिला की पाणी टेकडीच्या माथ्यापर्यंत पोचायच्या आतच उंची गमावून बसतं, कमी दिला की पाटात गाळ साठतो. मी उमेदीची वर्षं याच हिशेबात घालवली आहेत, त्यामुळे तेराव्या शतकातल्या त्या अनामिक माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले.

आमची ग्रानादाची गाईड आम्हाला आधी सिंहांच्या चौकात घेऊन गेली नाही. तिने वरच्या अंगाने, हेनेरालिफे या सुलतानांच्या उद्यान-महालाच्या बागांकडून सुरुवात केली. "पाणी ज्या वाटेने येतं त्याच वाटेने आपण येऊ," एवढंच म्हणाली. हेनेरालिफेतल्या लांबट चौकातून हा पाटच वाहतो, चौकाचं नावही त्याच्यावरूनच पडलं आहे. आपल्या लेखाबरोबर याच चौकाचा फोटो छापला आहे आणि खाली 'सुलतानांची कारंजी' अशी ओळ आहे. दोन्ही बाजूंनी कमान करून उडणाऱ्या त्या पाण्याच्या धारा सुलतानांच्या नाहीत. त्या कित्येक शतकांनंतर बसवलेल्या आहेत. सुलतानांच्या वेळी तिथे पाणी गप वाहत होतं. गाईडने हे सांगितल्यावर ताई थोडी हिरमुसली, कारण तिने तोवर बरेच फोटो काढले होते. मग गाईड आम्हाला वरच्या पाण्याच्या जिन्याकडे घेऊन गेली. या जिन्याच्या कठड्यातच पन्हळ कोरलेली आहे. आपण पायऱ्या उतरत असतो आणि हाताखालून पाणी आपल्या बरोबरीने उतरत असतं. ताईने त्यात मनगटापर्यंत हात बुडवला आणि कारंज्यांचा विषय संपला.

खाली कोमारेस राजवाड्यात मर्टल या सुगंधी झुडपाच्या कुंपणांमधला मोठा हौद आहे. त्यात मनोऱ्याचं प्रतिबिंब पडतं, ते सगळे बघतात. गाईडने आम्हाला हौदाच्या टोकाशी, जमिनीलगतच्या छोट्या कारंज्याजवळ वाकायला लावलं. कारंज्याचं पाणी सरळ हौदात पडत नाही. ते एका अरुंद पन्हळीतून वळवून, त्याचा वेग मारून मग अलगद आत सोडलं आहे. म्हणून हौदावर तरंग उठत नाही आणि प्रतिबिंब मोडत नाही. पाणी निवळायच्या टाक्यांत आम्ही हेच काम आडव्या भिंती घालून करायचो आणि त्यावर चांगल्या जाडजूड फायली तयार व्हायच्या. तिथे ते वीतभर संगमरवरात उरकलं आहे. मी गुडघ्यांवर बसून ते पाहत होते तेवढ्या वेळात दोन मोठे गट मागून निघून गेले. त्यांच्या कानांत यंत्रं होती आणि यंत्रात अर्थातच वर बघायला सांगत असणार.

सिंहांच्या चौकात बारा सिंह आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्या पाठीवरच्या थाळ्याच्या कडेला इब्न झम्रक या दरबारी कवीची कविता कोरलेली आहे. पाणी आणि संगमरवर इतके एकरूप झाले आहेत की वाहतंय कोण ते कळत नाही, असा तिचा एक भाव आहे. गाईडने ती आधी अरबीत वाचून दाखवली आणि मग अर्थ सांगितला. शेजारच्या दालनात एक उथळ कुंड आहे, त्यात तांबूस डाग आहेत. इथे अबेन्सेराखे घराण्यातल्या सरदारांची मुंडकी उडवली आणि त्यांच्या रक्ताचे डाग गेले नाहीत, अशी कथा आहे. तिने कथा रंगवून सांगितली, आम्हाला पुरतं घाबरू दिलं आणि मग म्हणाली, "हा लोखंडाचा गंज आहे. पण कथा सांगितली नाही तर लोक रागावतात."

तिकिटाची गोष्टही सांगून ठेवते, कारण लेखात ती नाही. नास्रिद राजवाड्यांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली तर आत सोडत नाहीत. तिकीट तुमच्या नावाचं असतं, पासपोर्ट जवळ लागतो. परिसर एवढा मोठा आहे की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना नवख्या माणसाचा अंदाज हमखास चुकतो. त्या वेळेभोवती बाकीचा दिवस कसा बसवायचा हे रोज तिथे पाय झिजवणाऱ्यालाच कळतं.

दुपारनंतर समोरच्या टेकडीवरच्या आल्बाइसीन वस्तीत गेलो. सूर्यास्ताला सान निकोलासच्या चौकात माणसावर माणूस असतो, त्याबद्दल लेखात आलंच आहे, मी अधिक लिहीत नाही. आम्ही रमलो ते गल्ल्यांतल्या जुन्या पाण्याच्या टाक्यांजवळ. मुसलमानी काळातली ही जमिनीखालची टाकी अजून जागोजागी दिसतात, विटांची कमानदार तोंडं असलेली. त्यांतलं सगळ्यात मोठं 'राजाचं टाकं' अकराव्या शतकातलं आहे. परत येताना प्लाझा नुएवा या गजबजलेल्या चौकात गाईडने पाय आपटून दाखवला. ज्या दारोच्या पाण्यावर वरचा सगळा पसारा उभा आहे, ती नदी या चौकाखालून वाहते. ग्रानादाने आपली नदी झाकून टाकली आणि वरून हमरस्ता काढला. याबद्दल तिला अजून राग आहे. गाईडला आपल्या शहराचा राग यावा, हे मला फार आवडलं.

कोर्दोबात आमचा गाईड वयस्क गृहस्थ होता, हळू बोलणारा. मेस्कितेत, म्हणजे तिथल्या मशीद-कॅथेड्रलमध्ये, शिरल्यावर माणूस खांबांच्या त्या रानात हरवतोच. ८५६ खांब आहेत. फोन तेवढं सांगतो आणि पुढे ढकलतो. या गृहस्थांनी आम्हाला विचारलं, "खांब ठेंगणे का आहेत?" कारण ते निम्मेशिम्मे तयारच मिळालेले होते! पहिला अब्द अर्-रहमान याने ७८५ च्या सुमारास बांधकाम काढलं, तेव्हा जुन्या रोमन आणि त्यांच्यानंतर राज्य केलेल्या व्हिसिगोथांच्या इमारतींचे खांब आणून उभे केले. त्यांची उंची एवढ्या मोठ्या दालनाला पुरेना. छत वर न्यायचं तर खांबावर खांब चढवायला हवा, आणि तो कोसळू नये म्हणून मधे कमान घालायला हवी. म्हणून दुहेरी कमानी. लाल वीट आणि पांढरा दगड आलटून पालटून लावायची कल्पना मेरिदाच्या रोमन जलसेतूवरून सुचली असावी, असं काही अभ्यासक मानतात. जलसेतूचं नाव निघाल्यावर मी गाईडला तिथेच थांबवून बरंच काही विचारलं. ताई खांबाला टेकून वाट पाहत राहिली.

मग त्यांनी आम्हाला एक काम दिलं. म्हणाले, "चालत राहा आणि वाढीव बांधकाम कुठे सुरू होतं ते मला सांगा." ही वास्तू दोनशे वर्षं वाढत गेली. नवव्या शतकात दुसऱ्या अब्द अर्-रहमानने ती दक्षिणेला वाढवली, दहाव्यात दुसऱ्या अल्-हकमने आणखी पुढे नेली आणि मिहराबभोवती, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याभोवती, बायझंटाइन पद्धतीचं सोनेरी मोझेक करवून घेतलं. ९८७ च्या सुमारास अल्-मन्सूर या कारभाऱ्याला अजून जागा हवी झाली, पण दक्षिणेला आता ग्वादाल्किविर नदी आडवी. म्हणून तो पूर्वेला सरकला. मिहराब मध्यावरून एका बाजूला पडला तो त्यामुळे. आणि अल्-मन्सूरच्या भागात कमानींवरचे तांबडे-पांढरे पट्टे वीट-दगडाचे नाहीत, दगडावर रंगवलेले आहेत. घाई आणि काटकसर! जवळ जाऊन पाहिलं की रंग दिसतो. मला ती सीमारेषा सापडली तेव्हा जो आनंद झाला तो सांगून कळणार नाही. सरकारी कामात मूळ काम आणि वाढीव काम यांची सांधेजोड मी आयुष्यभर पाहत आले आहे.

याच वास्तूच्या पोटात सोळाव्या शतकात कॅथेड्रल घुसवलं गेलं. १५२३ मध्ये काम निघालं तेव्हा शहराच्या नगरपरिषदेने कडाडून विरोध केला होता, पण स्पेनचा राजा कार्लोस याने चर्चच्या बाजूने कौल दिला. पुढे प्रत्यक्ष पाहिल्यावर तो हळहळला आणि 'जगात कुठेही नसलेलं मोडून कुठेही असतं ते बांधलंत' असं काहीसं म्हणाला, ही गोष्ट सगळीकडे छापलेली असते, आपल्या लेखातही आहे. आमच्या गाईडने ती सांगितली आणि लगेच जोडलं की हे वाक्य त्याच्या तोंडी मागाहून घातलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

इथे ताईने तिचा प्रश्न विचारला. "मग आज हे मालकीचं कोणाच्या?" गृहस्थ जरा थांबले. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजा फर्नांदो तिसऱ्याने शहर जिंकल्यावर मशिदीचं कॅथेड्रल झालं, तेव्हापासून ताबा आपलाच आहे असं चर्च म्हणतं. २००६ मध्ये तिथल्या धर्मप्रांताने मालमत्तेच्या नोंदणीपुस्तकात ही वास्तू आपल्या नावावर लावून घेतली. शुल्क ३० युरो. हे सार्वजनिक धन आहे, असं मानणारे नागरिक त्यावरून अजून भांडत आहेत. मुसलमानांना इथे नमाज पढायची परवानगी नाही. गाईडने दोन्ही बाजू मांडल्या, स्वतःची सांगितली नाही. ताईने खोदून विचारल्यावर फक्त हसले आणि म्हणाले, "बाहेर पडल्यावर." बाहेर, संत्र्यांच्या झाडांच्या चौकात सांगितली. ती मी इथे लिहीत नाही.

कोर्दोबाच्या यहुदी मोहल्ल्यातलं १३१५ चं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, एका खोलीएवढं आहे. पाच मिनिटांत लोक बाहेर पडतात. १४९२ मध्ये स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी झाल्यानंतर तिथे पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या रोग्यांचा दवाखाना होता, मग चांभारांच्या संघाने ते वापरलं, आणि १८८४ मध्ये गिलाव्याखालची हिब्रू अक्षरं उजेडात आली. हे ऐकल्यावर आम्ही त्या एका खोलीत बराच वेळ काढला. नदीकाठच्या जुन्या रहाटाचीही गोष्ट आहे. त्याच्या कुरकुरण्याने झोपमोड होते म्हणून इसाबेल राणीने तो उतरवायला लावला, असं सांगतात. खरं असेल तर माझं राणीबद्दलचं मत तेवढं आणखी खाली आलं.

पैसे वाचवायचेच असतील तर कोर्दोबात एक सोय आहे. मेस्कितेत सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठला थोडा वेळ विनाशुल्क प्रवेश असतो, त्यात गटांना सोडत नाहीत. आदल्या दिवशी गाईडबरोबर पाहावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याने जावं. उलटा क्रम नको.

सेव्हिलला कोर्दोबाहून वेगवान रेल्वेने पाऊण तास लागतो. तिथल्या आल्कासार राजवाड्यात, कास्तिल या ख्रिस्ती राज्याच्या पेद्रो राजाच्या महालाच्या दर्शनी भिंतीवर, कास्तिली म्हणजे स्पॅनिश भाषेतल्या लेखाच्या मधोमध निळ्या-पांढऱ्या फरशांची एक पट्टी आहे. ताई तिच्याकडे बघत म्हणाली, "हे मी ग्रानादात पाहिलंय." खरंच पाहिलं होतं. 'अल्लाहखेरीज कोणी विजयी नाही' हे नास्रिदांचं ब्रीद, अलहंब्राच्या भिंतींवर शेकडो वेळा येतं, ते इथे ख्रिस्ती राजाच्या दारावर! सेव्हिलची गाईड एवढी खूश झाली की तिने आमचा ठरलेला क्रमच बदलला. ग्रानादाचा पाचवा महंमद गादीवरून हुसकला गेला तेव्हा पेद्रोने त्याला मदत केली होती, पुढे त्याला राज्य परत मिळालं, आणि पेद्रोने महाल काढला तेव्हा ग्रानादाहून कारागीर आले. आतल्या अरबी लेखांत पेद्रोला 'सुलतान' म्हटलं आहे. सिंहांचा चौक बांधणारा तोच पाचवा महंमद. दोन मित्र, दोन धर्म, एकाच काळातले दोन राजवाडे. त्या दर्शनी लेखात साल १४०२ असं आहे, आणि पेद्रो तर १३६९ मध्ये मारला गेला! उत्तर असं की तेव्हा कास्तिलमध्ये जी कालगणना होती ती आपल्या इसवी सनापेक्षा ३८ वर्षं पुढे चाले. म्हणजे १३६४. या पेद्रोला इतिहास 'क्रूर' म्हणतो. सेव्हिलची गाईड मात्र 'न्यायी' म्हणते आणि त्यावर वाद घालायला तयार असते.

सेव्हिलच्या कॅथेड्रलच्या हिराल्दा मनोऱ्यावर ताई चढली, हे घरी कोणाला खरं वाटत नाही. बाराव्या शतकात अल्मोहाद या मुसलमान घराण्याने मशिदीचा मिनार म्हणून तो बांधला तेव्हा आत जिना न ठेवता पस्तीस उतार ठेवले, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून. पायऱ्या फक्त अगदी शेवटी, थोड्याशा. गाईडने ताईचे गुडघे पाहून स्वतःहून हे सांगितलं आणि सकाळची, गर्दी नसलेली वेळ निवडली. आम्ही दर वळणावर खिडकीत बसत बसत गेलो.

सान्ता क्रूझ हा जुना यहुदी मोहल्ला आपल्या लेखात 'मध्ययुगातला जसाच्या तसा' असा आला आहे. त्याचं आजचं फुलाफुलांचं, कारंज्यांचं रूप बरंचसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९२९ मध्ये सेव्हिलमध्ये भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाच्या आसपास सजवलेलं आहे. १३९१ मध्ये याच मोहल्ल्यात कत्तल झाली, सिनेगॉगांची चर्चं झाली. गाईड आम्हाला तिथून जवळच असलेल्या भूमिगत वाहनतळात घेऊन गेली. आम्हाला वाटलं, गाडी काढते आहे. तिथे गाड्यांच्या रांगांमध्ये काचेमागे मध्ययुगीन यहुदी दफनभूमीतलं एक थडगं जपून ठेवलं आहे. वाहनतळ खणताना ही दफनभूमी लागली होती. आमच्याशिवाय तिथे कोणी थांबलेलं नव्हतं.

आता परवान्याबद्दल. अंदालुसियात संरक्षित वास्तूंमध्ये माहिती सांगायचं काम करायला प्रादेशिक सरकारची मान्यता लागते आणि मान्यताप्राप्त गाईडकडे ओळखपत्र असतं. ते मागून पाहावं, कोणी रागावत नाही. चौकाचौकांत छत्र्या घेऊन उभे असलेले 'फ्री टूर'वाले वेगळे, ते शेवटच्या बक्षिशीवर चालतात. त्यांत चांगलेही असतात. बसबरोबर देशभर फिरणारा सहल व्यवस्थापक हा गाईड नव्हे. खासगी गाईडची फी डोक्यागणिक नसून गटागणिक असते, तेव्हा चार-सहा जणांनी मिळून घेतला तर लेखात भीती घातली आहे तेवढी ती जड जात नाही.

सगळेच गाईड चांगले असतात असं मी म्हणत नाही. एका छोट्या गावात आम्हाला सनावळ्या पाठ म्हणणारा एकजण भेटला, त्याचं लक्ष आम्हाला एका दुकानात पोचवण्याकडेच होतं. ओळखायची माझी युक्ती सोपी आहे. तो काही सांगतो आहे तेव्हा "कशावरून?" असं विचारायचं. चांगला गाईड खुलतो, वाईट घड्याळ बघतो. आणि आधी पत्र पाठवताना आपल्याला कशात रस आहे ते लिहावं. मी 'पाणी' लिहिलं होतं, ताईने 'भांडणं'. दोघींनाही भरपूर मिळालं.

एक राहिलं. लेखात उन्हाळी सुट्टीत जायला सुचवलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्दोबा आणि सेव्हिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी स्थानिक माणूस रस्त्यावर दिसत नाही आणि गाईडही सकाळी लवकर उरकायला बघतात. मे महिन्यात कोर्दोबातले घरोघरचे फुलांनी भरलेले चौक पाहायला उघडतात, पण तेव्हा राहायला खोली मिळणं मुश्कील. ऑक्टोबर बरा.

आपली,
एक निवृत्त अभियंता आणि नियमित वाचक